उजव्या दारावरचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. ट्रक नाही, जीप नाही; चार माणसं आणि मागे गव्हाचं एक पोतं मावेल एवढी पाच दारांची घरगुती गाडी. रंग माझा रुपेरी. आता तो ठिकठिकाणी उडालाय, पण टेंभुर्णीत अजून मला ‘आबारावाची चांदी’ म्हणूनच ओळखतात. आणि खोटं कशाला बोलू, ते नाव कानावर आलं की माझं इंजिन जरा जास्तच ऐटीत चालतं.

गेल्या वर्षी मात्र माझं नाव कुणी प्रेमानं घेत नव्हतं. नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मी बोनेट उघडं टाकून उभी होते आणि माझ्यावरून माणसं भांडत होती. जालना म्हणजे काय गाव, ते आधी लक्षात घ्या. इथं लोखंड वितळवायच्या भट्ट्या आहेत. मोडकी कपाटं, गंजलेले पाइप, म्हाताऱ्या गाड्या, सगळं त्यांच्या पोटात जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्या बाजूनं वारा आला की माझ्या पत्र्याला घाम फुटायचा. भांडणाचा निकाल माझ्या विरुद्ध लागला तर मी कुठं जाणार, ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी गेले असते तर आबारावांच्या लेकीचं, शिवकन्येचं, एकटीनं घराबाहेर पडणंही माझ्याबरोबरच गेलं असतं. हे नीट कळायचं तर गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक पट्ट्यावर मी पुढे सरकत होते, कुणी दारं बसवत होतं, कुणी काचा. मग एका उंच ट्रकच्या पोटातून मी जालन्याला आले, आणि तिथून आबारावांनी मला टेंभुर्णीला आणलं. आबारावांचं घराणं मेंढपाळांचं. त्यांच्या वडिलांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला. आबाराव शेतीला लागले आणि मेंढरं त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, सखूबाईंकडे गेली. माणूस शेतकरी झाला तरी रक्तातली मेंढरं काही जात नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी आम्ही पिंपळगावच्या रेणुकाईला गेलो. माझ्यापुढे नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, मला झेंडूचा हार पडला. मी नव्या नवरीसारखी मिरवत परत निघाले, तर वाटेत मेंढरांचा भला मोठा कळप आडवा आला. मी मनात म्हटलं, आता माझा नवाकोरा हॉर्न वाजणार. कसला हॉर्न! आबारावांनी पायानं ब्रेक दाबला, उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि माझ्या दारावर तळव्यानं दणादणा थापा दिल्या. “हर्र, हर्र, हर्र!” कळप कुठंही न फुटता शहाण्यासारखा एका अंगाला सरकला.

“हॉर्न वाजवला की मेंढरं फुटत्यात,” मागच्या सीटवरच्या छोट्या शिवकन्येला ते म्हणाले. “आन् थाप ऐकली की सरकत्यात. मेंढराला वाटतं, आपलंच माणूस हाय.”

मेंढरांना काय वाटायचं ते वाटो, मला तेव्हा फार राग आला. नवा रंग अजून वाळला नव्हता म्हणा ना, आणि हे गृहस्थ दारावर ढोल बडवत होते! पण आमच्या वाटेवर मेंढरांची काय कमी? आज सखूबाईंचा कळप, उद्या दुसऱ्या कुणाचा. थापा पडत राहिल्या. हळूहळू माझ्या उजव्या दारावर, खिडकीच्या थोडं खाली, एक उथळ खळगा पडला. तळहात बरोब्बर बसेल एवढा. पावसाचं पाणी त्यातून वेगळ्या वाटेनं ओघळायचं. आधी मला तो डाग वाटायचा. पुढे पुढे मीही त्याला माझा म्हणू लागले.

शिवकन्या माझ्यावरच गाडी शिकली. आबारावांनी तिला नांगरट झालेल्या रानात बसवून क्लच शिकवला, गिअर शिकवला, ब्रेक शिकवला. आणि रस्त्यावर मेंढरं दिसताच थाप मारायला शिकवली. पोर चलाख. शिकून ती पशुधन पर्यवेक्षक झाली. वाड्या-वस्त्यांवर जाऊन जनावरांना लसी टोचायच्या, आजारी शेळी-मेंढी बघायची, असं तिचं फिरतीचं काम. माझ्या मागच्या सीटवर लसींची थंड पेटी असायची आणि अख्ख्या गाडीला औषधांचा वास यायचा. “शिवाताईची चांदी आली” असं लोक लांबूनच ओरडायचे. मित्रांनो, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. माझ्या अंगावर धूळ असायची, पण मान ताठ असायची.

मग एकदा अरुंद पांदीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, पलीकडच्या वस्तीवर जायचं म्हणून ती मला घरी ठेवून मोटारसायकल घेऊन गेली. परत येताना वळणावर सळयांचा ट्रक समोर आला. शिवकन्या वाचली, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि डावा गुडघा कायमचा आखडला. मी पत्र्याच्या शेडमधून घरातलं रडणं ऐकत होते. मी तिथं असते तर, असं किती वेळा वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. टायरांतली हवा उतरली. एका कोंबडीनं मागच्या सीटवर संसार थाटला आणि अंडी उबवली, आणि मी काय करणार, बसले उबवून घेत. शिवकन्येला कार्यालयानं जालन्यात टेबलावरचं काम दिलं. रोज कुणीतरी न्यायचं, कुणीतरी आणायचं. भाऊ नाही तर चुलतभाऊ, नाही तर शेजारचं कुणी. कुणी कुरकुरत नव्हतं, पण त्यांच्या सोयीनं निघायचं आणि त्यांच्या सोयीनं परतायचं, यानं पोरीच्या चेहऱ्यावरचं पाणीच गेलं. अखेर जाफराबादकडची फिरतीची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, दिवाळीच्या आत स्वतःची स्वतः गावोगाव जाता येतं असं दाखवा, जागा तुमचीच. नाही तर ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

त्या दिवशी शिवकन्या कुबड्या टेकत शेडमध्ये आली, कोंबडीला हुसकलं आणि माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी मला ओढत नवीन जालन्याला नेलं.

गॅरेज गयासोद्दीन यांचं. माझ्या जन्मापासूनची दुखणी त्यांना पाठ. त्यांची मुलगी इरम मोटारगाड्यांचंच शिक्षण घेऊन आली होती आणि आता बापाच्या हाताखाली नव्हे, बापाच्या बरोबरीनं काम करत होती. पायांनी चालवायची गाडी हातांनी चालवता यावी, एवढंच मागणं होतं. पण ते करायचं कसं, यावरून बाप-लेकीत जुंपली.

“आबाराव, पुरानी गाडी म्हंजे पुराना माणूस,” गयासोद्दीन म्हणाले. “त्याची सवय मोडायची न्हाई. लागंल तेवढंच बदलायचं. उजव्या पायाचं काम उजव्या हाताला देऊन टाकू. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा. वढला की गाडी पळंल, ढकलला की ब्रेक. बाकी कशाला बिलकुल हात लावायचा न्हाई.”

“अब्बा, आन् क्लच? ताईचा डावा गुडघा आखडलाय,” इरम म्हणाली. “जुन्याला ठिगळं लावत बसलो तर ताईला रोज गाडीसंगं कुस्ती खेळावी लागंल. असं समजा की ही गाडी आजच पैल्यांदा बनून राह्यली, आन् ताईसाठीच बनून राह्यली. मंग आपण काय केलं असतं? तसंच करायचं. सगळं उचकटायचं.”

“सगळं उचकटलं तर तिचं काय राह्यलं? नंबरप्लेट?”

“आन् काहीच न्हाई बदललं तर ताई कुठं राह्यली? घरात?”

दोघांचंही खरं होतं, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. मी दोघांकडे आळीपाळीनं दिवे रोखून बघत होते. मनातून मी गयासोद्दीन यांच्या बाजूची. जुन्या माणसाला जुनंच गोड लागतं. पण इरमचं बोलणं ऐकून शिवकन्येच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मला विसरता येईना.

आबाराव एका टायरवर बसून सगळं ऐकत होते. ते उठले.

“तुमी दोघं बी हुशार,” ते म्हणाले. “मला गाडीतलं फार कळत न्हाई. मला एवढंच सांगा, उतारावर माझी पोर थांबंल का?”

“थांबंल,” बाप-लेक एकदमच म्हणाले.

शेवटी दोन्ही मतांची मोट बांधली. माझ्याच जातीची, अपघातात चेपलेली एक गाडी इरमनं शोधून काढली. तिचा आपोआप पडणारा गिअर माझ्या पोटात बसवला आणि क्लच कायमचा गेला. नवी सीट आली, बसल्या बसल्या वळणारी. स्टिअरिंगवर डाव्या हातासाठी एक गोल मूठ आली. हे इरमचं. आणि दांडा बसला उजव्या बाजूला, कारण उजव्या पायाचं काम उजव्या हाताला. हे गयासोद्दीन यांचं. मी अर्धी नवी झाले, अर्धी जुनी राहिले.

सगळं झाल्यावर गयासोद्दीन माझ्याभोवती एक फेरी मारून आले. उजव्या दारापाशी थांबले. खळग्यावरून बोट फिरवलं.

“पोरीची गाडी हाय,” ते स्वतःशीच म्हणाले. “चेपल्याली कशी देऊ?”

त्यांनी दार सोडवलं, आतून पत्रा ठोकून वर काढला, पुट्टी भरली, घासली, रंग मारला. अगदी मायेनं केलं हो! माझा सगळ्यात जुना भाग त्या मायाळू माणसानं, ज्याला जुन्याला हात लावायचा नव्हता त्यानंच, पुसून टाकला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हा गाड्यांना हॉर्न असतो, तोंड नसतं, आणि हॉर्न काही आपला आपण वाजत नाही.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिवकन्येनं मला चालवलं तेव्हा सगळे खूश झाले. पुढे, मागे, वळण, थांबा. दांडा ढकलला की मी जागच्या जागी. “एकदम बराबर!” गयासोद्दीन म्हणाले. इरमनं मोबाइलवर चित्रण केलं. शिवकन्या किती तरी महिन्यांनी मोठ्यानं हसली. मलाही वाटलं, झालं, सुटलो. परिवहन कार्यालयाची तपासणी होण्याआधी गावाकडच्या रस्त्यावर थोडा सराव करायचा, एवढंच उरलं होतं.

मला घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आबाराव शेजारच्या सीटवर बसले आणि आम्ही टेंभुर्णीहून निघालो. दोन्हीकडे कापूस फुटलेला. पुढे पुलाकडे जाणारा लांब, सरळ उतार आहे. शिवकन्येनं उतारावर दांडा हलकेच पुढे ढकलून धरला होता. माझा वेग तिच्या मुठीत होता. आबाराव काहीतरी जुनं सांगत होते.

आणि पुलाच्या अलीकडे, बाभळींच्या आडून मेंढरं रस्त्यावर आली. एक, दोन, मग पांढऱ्या-काळ्या पाठींची नुसती लाट. मागे डोक्यावर पदर आणि हातात काठी घेऊन सखूबाई.

मित्रांनो, पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलं. नको, पोरी, नको!

तिचा उजवा हात दांडा सोडून खिडकीबाहेर गेला.

माझ्या दारावर थाप पडली. बरोब्बर त्याच जागी. “हर्र!” तिच्या तोंडून निघालं, आणि तेवढ्यात तिला कळलं की मी थांबत नाही. ब्रेक सुटलेली मी उतारानं सुसाट निघाले होते. ती दांडा शोधायला हात आत घेईपर्यंत पहिली मेंढरं माझ्या नाकासमोर होती. सखूबाई किंचाळल्या. आबारावांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. माझी मागची चाकं घसरली, मी आडवी झाले आणि बाभळीच्या झुडपात घुसले. जाता जाता कळपातला मोठा मेंढा माझ्या दिव्यावर आदळला. काच फुटली आणि त्याचं एक शिंग मुळापासून मोडलं.

धुरळा बसला. कुणाचा जीव गेला नव्हता. शिवकन्या सरकत सरकत रस्त्यावर उतरली आणि तिथंच मातीत बसून मेंढ्याचं रक्त थांबवू लागली. हात सराईतपणे काम करत होते, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सखूबाईंनी मेंढ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

“आत्या, हात काहून सुटला, मलाच कळंना गं,” शिवकन्या पुन्हा पुन्हा म्हणत होती. “म्या दाबून धरल्ता. मला कळंना.”

आबाराव झाडाला टेकून उभे होते.

“बास झालं,” ते म्हणाले. “आता पुन्हा न्हाई.”

“आबा, गाडीची चूक न्हाई. माझी हाय.”

“म्हणूनच म्हणतो, बास. एक पाय गेला, तेवढा पुरे झाला. ही गाडी राह्यली तर तू पुन्हा बसशील. मी वळखत न्हाई का तुला?”

मला पुन्हा गॅरेजात आणून टाकलं, पण दुरुस्तीला नाही. आबारावांनी भंगारवाल्या रखमाजींना निरोप धाडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजींची क्रेनची गाडी दारात येऊन उभी राहिली. तिचा आकडा वाऱ्यावर हलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. वारा भट्ट्यांच्या बाजूनंच येत होता. रखमाजी माणूस वाईट नव्हे. गॅरेजातले पडलेले चेहरे बघून ते म्हणाले, “मी पलीकडं च्या पिऊन येतो. तवर नीट ठरवा. एकदा भट्टीत गेली की मागारी देता येत न्हाई बरं का.”

आबाराव बाकावर मान खाली घालून बसले होते. गयासोद्दीन यांना तोंड वर करवत नव्हतं. “उजव्या पायाचं काम उजव्या हाताला,” ते पुटपुटत होते. “हात सुटावा कसा? दांडा घट्ट होता का? इरम, बघ बेटा, दांडा घट्ट होता का?”

इरमनं दांडा पाहिला, ठीक होता. ती दार लावायला वळली आणि थबकली. उतारावरच्या धुळीनं माझं दार माखलं होतं, आणि त्या धुळीत पाच बोटांचा आणि तळव्याचा स्वच्छ ठसा उमटला होता. तिनं त्यावर आपला हात धरून पाहिला.

“अब्बा, इथं काय होतं?”

“काय न्हाई. खळगा होता जरासा. मीच काढला.”

“कशानं पडल्ता?”

गयासोद्दीन यांनी आबारावांकडे बघितलं. आबारावांनी मान वर केली. त्यांनी तो ठसा पाहिला, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि बाकावरचा तो पहाडासारखा माणूस एकदम खचलाच.

“माझ्या हातानं,” ते म्हणाले. “मेंढरं दिसली की म्या थाप मारतो. तिला बी म्याच शिकवलं. उजवा हात... अरे देवा! ब्रेक उजव्या हातात, आन् मेंढरं दिसली की उजवा हात जातो भाईर. जाणारच! माझी पोर हाय ती.”

जालन्यातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हाती मला दिलं असतं तर हात सुटला नसता. आमच्याच घरात तो सुटणार होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात ते आलं नव्हतं. अंगवळणी पडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हेच खरं.

इरमनं ओढणी कमरेला खोचली.

“दांडा डाव्या बाजूला घेते,” ती म्हणाली. “क्लच गेलाय, गिअर आपोआप पडतो, म्हंजे डावा हात रिकामाच हाय. ब्रेक डाव्या हातात आन् स्टिअरिंग उजव्या. मेंढरं आली तर उजवा हात खुशाल जाऊ द्या भाईर, डावा ब्रेक धरून ठेवंल. आन् पुरा ढकलला की दांडा तिथंच अडकून बसंल अशी खाच करते.”

“पर मंग थाप मारताना स्टिअरिंग कोण धरंल?” आबारावांनी विचारलं.

“चाकं मी बसवून देतो,” गयासोद्दीन म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जोर आला होता. “अशी बराबर बसवतो की कुणी धरलं न्हाई तरी गाडी सुतासारखी सरळ थांबंल.”

रखमाजी चहा पिऊन परत आले. आबाराव उठले, त्यांच्याजवळ गेले. मी श्वास रोखून धरला, म्हणजे गाड्या धरतात तसा.

“थोडं थांबा,” आबाराव म्हणाले. “अजून माझं ठरलं न्हाई.”

ठरलं नाही, एवढंच. पण आकडा त्या दिवशी रिकामाच परत गेला.

दांडा डावीकडे आला, स्टिअरिंगवरची गोल मूठ उजवीकडे गेली. गॅरेजमागे शिवकन्येनं सराव केला, घाम गळेपर्यंत केला. पण आबाराव बघायलाही आले नाहीत. ते म्हणत, मोकळ्या जागेत सगळंच जमतं. उतार वेगळा, मेंढरं वेगळी. आणि खरं सांगू? शिवकन्येला स्वतःलाही तेच वाटत होतं. मी जरा वेग घेते न घेते तोच ती दांडा ढकलून मला थांबवायची. दिवाळी तोंडावर आली होती. शेवटी मार्ग काढला तो सखूबाईंनी, ज्यांनी रागानं तोंड फिरवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

“त्याच उतारावर ये,” त्यांनी भाचीला फोनवर सांगितलं. “मी माझी मेंढरं घिऊन उभी ऱ्हाते.”

“आत्या, पुन्हा काही झालं तर?”

“तर मी हाय की तिथं. उंटावरून शेळ्या हाकून कुणाचं भ्या गेलंय का?”

त्या सकाळी उताराच्या माथ्यावर मी उभी होते. शिवकन्या एकटीच माझ्यात. इरम आणि गयासोद्दीन मागे रस्त्याच्या कडेला. आणि खाली, पुलाच्या अलीकडे, मेंढरांच्या मधोमध, पांढरा फेटा. आबाराव. बहिणीनं त्यांना आणलं होतं, की ते आपल्या पायांनी आले होते, मला ठाऊक नाही. पण मुलगी थांबली नाही तर आधी आपल्यावर यावी, अशाच जागी ते उभे होते.

शिवकन्येनं त्यांना पाहिलं. क्षणभर वाटलं, ती किल्ली काढून घेणार. मग तिनं दांडा ओढला आणि आम्ही निघालो.

उतारानं मला ओढायला सुरुवात केली. बाभळी मागे पळू लागल्या. मेंढरं मोठी होऊ लागली, शिंग मोडलेला मेंढा ओळखू येऊ लागला, मग आबारावांच्या मिशा. ते हलले नाहीत. सखूबाईंनी काठी घट्ट धरली. आणि मेंढरांचं पहिलं बें बें कानावर आलं तसा शिवकन्येचा उजवा हात, न विचारता, न सांगता, स्टिअरिंग सोडून खिडकीबाहेर गेला.

थाप!

माझं स्टिअरिंग त्या घटकेला कुणाच्याच हातात नव्हतं. मी जीव एकवटून सरळ राहिले. गयासोद्दीन यांनी चाकं बसवली होती आणि पंधरा-सोळा वर्षं मी या माणसांचं अन्न खाल्लं होतं, म्हणजे पेट्रोल. एवढं तरी मला करायलाच हवं होतं. दुसरी थाप. “हर्र, हर्र!” आणि डावा हात दांडा पुढे ढकलत होता, ढकलत होता, खाचेत अडकेपर्यंत. मी मंदावले. मी थांबले.

माझं नाक आणि आबाराव यांच्यात एक मेंढरू आडवं उभं राहील एवढी जागा होती. तिथं खरोखरच एक कोकरू येऊन उभं राहिलं आणि माझा नवा दिवा हुंगू लागलं. कळप फुटला नाही. तो शहाण्यासारखा एका अंगाला सरकला.

आबाराव चालत माझ्या उजव्या बाजूला आले. मला वाटलं, आता वळसा घालून पलीकडच्या दारानं शेजारी बसतील. शिवकन्येलाही तसंच वाटलं. तिनं रडत रडत शेजारच्या सीटवरची कुबडी मागे टाकली.

“बसा, आबा.”

“न्हाई,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “मी तुझ्या आत्यासंगं चालत येतो. तू व्हय पुढं.”

आणि त्यांनी माझ्या दारावर, तिची थाप पडली होती तिथंच, तळव्यानं एक थाप दिली. मेंढरांनी वाट सोडली आणि आम्ही दोघी पुलावरून पलीकडे गेलो.

मित्रांनो, माझ्यासारखं काही जुनं तुमच्या घरात असेल आणि ते बदलायची वेळ आली, तर जरूर बदला. भिऊ नका. क्लच गेला म्हणून मी मेले नाही, उलट त्यानंच मला जगवलं. पण हातोडा उचलण्याआधी त्या वस्तूवरून एकदा सावकाश हात फिरवा. जिथं झिजलं असेल, चेपलं असेल, तिथं थांबा आणि घरात विचारा की हे कुणाच्या हातानं झालं. मग काय काढायचं आणि काय ठेवायचं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

परिवहन कार्यालयाची तपासणी पार पडली आणि दिवाळीनंतर शिवकन्या फिरतीच्या जागेवर रुजू झाली. आता माझ्या मागच्या सीटवर पुन्हा लसींची थंड पेटी असते आणि शेजारची सीट रिकामी असते. मधे गयासोद्दीन यांच्याकडे तेल बदलायला गेले होते, तेव्हा त्यांनी उजव्या दारावरून बोट फिरवलं आणि गालातल्या गालात हसले. तिथं खळगा पडायला लागलाय. अजून उथळ आहे, पण या खेपेला हात जरा लहान आहे.